आता सोडून काय उपयोग?



रविवारची मिस्सा आटोपली की मी थोडा वेळ चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहतो. कोणाला आशीर्वाद हवा असतो, कोणाला मुलाच्या दाखल्यावर सही, कोणाला नुसतेच दोन शब्द बोलायचे असतात. दीडएक वर्षापूर्वी, ऐन पावसाळ्यात, आपल्या धर्मग्रामातील एक आजोबा असेच थांबले होते. वय बहात्तर. उभी हयात छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेली. छत्री मिटताना त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती काही केल्या थांबेना. शर्टाच्या खिशातून बिडीचे बंडल डोकावत होते. मी आपला नेहमीच्या सवयीने म्हणालो, “आजोबा, आता तरी सोडा हे.”

ते हसले. “फादर, चौदाव्या वर्षी धरली. अठ्ठावन्न वर्षं झाली. आता सोडून काय उपयोग?”

मी ठरलेले उत्तर दिले. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, नातवंडांकडे बघून तरी सोडा, डॉक्टरांना दाखवा, वगैरे. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि छत्रीचे पाणी झटकत म्हणाले, “सोडली होती की. हरेगावला मतमाउलीपुढं नवस केला होता, जन्मात बिडीला हात लावणार नाही म्हणून. अकरा दिवस टिकलो. बाराव्या दिवशी पाय टपरीकडं वळले. पुढं एकदा तुम्ही प्रवचनात म्हणालात, देवाला दिलेला शब्द जो पाळत नाही, तो माणसांना दिलेला काय पाळणार? ते मला लागलं. खरंच होतं ना. तेव्हापासून मी कम्युनियनला उठत नाही.”

ते वाक्य मला आठवतही नव्हते. तीन वर्षे एक माणूस दर रविवारी शेवटच्या बाकावर बसून राहत होता, त्याच्या शेजारून रांग पुढे सरकत होती, आणि ज्याच्या शब्दांमुळे तो बसून होता त्याच्या ते ध्यानातही आले नव्हते.

(हे बोलणे पायऱ्यांवरचे आहे, प्रायश्चित्त संस्कारातले नाही. तरीही लिहू का, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “लिहा, पण नाव नको.”)

त्या दिवसापासून त्यांचा प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत: शरीराला उपयोग काय, दोष कोणाचा, आणि ज्याने शब्द मोडला त्याने पुन्हा शब्द द्यावा का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने दिलेले आहे. ब्रिटनमध्ये १९५१ साली डॉक्टरांनाच त्यांच्या धूम्रपानाविषयी विचारण्यात आले आणि पुढे पन्नास वर्षे त्यांच्या आयुष्याची नोंद ठेवण्यात आली. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिगारेट ओढत राहणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी होते. तिसाव्या वर्षी सोडली तर ती जवळजवळ सगळी वर्षे परत मिळतात. चाळिसाव्या वर्षी सोडली तर सुमारे नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षी सोडली तरी सुमारे तीन. उशीर झाला की हिशेब लहान होतो, पण शून्य होत नाही. शिवाय हृदयावरचा ताण सोडल्यापासून काही तासांत हलका होऊ लागतो आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो.

“सिगारेट वाईट, बिडी म्हणजे नुसता पाला,” असे आपल्याकडे अनेकजण म्हणतात. ते खरे नाही. आपल्या देशातील लाखो कुटुंबांचा अभ्यास करून २००८ साली जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांनुसार बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि बाईचे आठ वर्षांनी कमी होते. आणि “मी कुठे ओढतो?” असे म्हणणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २७ टक्के प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. त्यांतले ओढणारे अवघे चार टक्क्यांच्या आत-बाहेर. बाकीची मंडळी चुना लावून मळणारी, दाढेखाली धरणारी, मिसरी लावणारी. म्हणजे हे पत्र जितके आजोबांसाठी आहे, तितकेच सकाळी मिसरीच्या डबीशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही त्या माझ्या भगिनींसाठीही आहे.

पण आजोबांना खरे बोचत होते ते हे नव्हे. त्यांचा प्रश्न फुप्फुसाचा नव्हता, शब्दाचा होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक दृष्टान्त मी पाठ केला होता. हातातून सुटलेला दगड परत बोलावता येत नाही. तरीही दोष आपलाच, कारण तो फेकायचा की नाही हे एके काळी आपल्या हाती होते. सवयीचेही तसेच. आज ती मोडणे हाती नसेल, पण लावून घेणे हाती होते. वर्गात हे फार पटायचे. आजोबांकडे पाहिल्यावर एक प्रश्न पडला: दगड फेकला तेव्हा फेकणारा केवढा होता? बिडी चुलीवर पेटवून आणायला बापानेच पोराला पिटाळायचे, हे आपल्या कितीतरी घरांत झाले आहे. पेटती राहावी म्हणून पोराने वाटेत एक झुरका घ्यायचा. छापखान्यात उमेदवारीला लागल्यावर मोठ्या माणसांनी कौतुकाने एक पुढे करायची. चौदा वर्षांच्या त्या पोराच्या हातात दगड देणारे हात पुष्कळ होते. तंबाखूतील निकोटीन धुरावाटे काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदू ते मागू लागतो, हे त्याला कोणीही सांगितलेले नव्हते.

म्हणून ख्रिस्तसभा या बाबतीत आपल्यापेक्षा सावधपणे बोलते. कॅटेकिझमच्या परिच्छेद २२९० मध्ये संयमाविषयी सांगताना अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे यांच्या अतिरेकापासून दूर राहावे असे म्हटले आहे. तंबाखू निर्दोष आहे असे तो म्हणत नाही. पण परिच्छेद १७३५ असेही सांगतो की अज्ञान, भीती, सवय अशा कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. प्रवचनात पहिला परिच्छेद आम्हाला आठवतो, दुसरा पुष्कळदा विसरतो.

जबाबदारी कमी होते, याचा अर्थ ती उरतच नाही असा मात्र नव्हे. व्यसनात अडकलेला माणूस दोन वाक्ये आळीपाळीने बोलतो. एक: “मी मनात आणलं तर आत्ता सोडीन.” दुसरे: “आता माझ्या हातात काही राहिलं नाही.” पहिल्या वाक्यात सगळे स्वातंत्र्य आहे, दुसऱ्यात अजिबात नाही. वरवर उलट वाटतात, पण दोन्हींचा परिणाम एकच. आजचा दिवस तसाच जातो. खरे स्वातंत्र्य या दोहोंच्या मध्ये, मूठभर असते. संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मनिवेदनात हे फार प्रामाणिकपणे लिहिले आहे. आपल्याच इच्छेच्या कड्या एकमेकींत अडकत गेल्या, त्यांची सवय झाली आणि सवयीला विरोध न केल्याने ती गरज होऊन बसली. बेडी दुसऱ्या कोणी घातली नव्हती, तरीही ती तोडणे त्यांना एकट्याने जमत नव्हते.

हे नीट समजायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या कसब्यातील तांबट आळी अनेकांच्या पायाखालची आहे. ठोक्यांचा आवाज पूर्वीइतका दाट राहिला नसला तरी काही घरांत ते काम अजून चालते. बंबावर, घागरीवर जे मठारकाम असते ते एका घावाचे नसते. शेकडो छोटे घाव एकमेकांना लागून पडतात आणि भांड्याला ती नक्षीदार झळाळी येते. पण ते घाव नुसती नक्षी करीत नाहीत. प्रत्येक ठोक्यागणिक तांबे कडक होत जाते. फार कडक झाले की त्याला आकार देता येत नाही. जबरदस्ती केली तर ते तडकते. म्हणून जाणता कारागीर अशा वेळी जोर वाढवत नाही. तो भांडे भट्टीत घालून लाल होईपर्यंत तापवतो. तांबे पुन्हा मऊ होते आणि मग त्याच हातोडीने, तशाच छोट्या घावांनी, त्याला नवा आकार देता येतो.

अठ्ठावन्न वर्षांची सवय म्हणजे असेच ठोकून कडक झालेले तांबे. दिवसाला पंधरा बिड्या धरल्या तर तीन लाखांच्या वर ठोके होतात. त्यावर एका नवसाचा एकच जोरदार घाव घातला की सगळे सरळ होईल, असे आजोबांना वाटले आणि मलाही वाटत होते. भांडे तडकले, तेव्हा मी व्यासपीठावरून भांड्यालाच दोष दिला.

आता तिसरा प्रश्न, शब्दाचा. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या कलम ११९१ प्रमाणे नवस म्हणजे विचारपूर्वक आणि मोकळ्या मनाने देवाला दिलेले वचन. ती हलकी गोष्ट नाही. पण त्याच कायद्यात, कलम ११९६ मध्ये, अशा खाजगी नवसातून योग्य कारण असल्यास धर्मग्रामाचा धर्मगुरू मोकळीक देऊ शकतो असेही लिहिले आहे. पुढचे कलम तर सांगते की आपल्या नवसाऐवजी तितकीच चांगली किंवा अधिक चांगली गोष्ट माणूस स्वतःही स्वीकारू शकतो. आजोबा तीन वर्षे ज्या ओझ्याखाली बसून होते, ते उतरवायला पाच मिनिटे पुरली असती. त्यांनी विचारले नाही, कारण विचारायची वाट माझ्याच वाक्याने बंद केली होती.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. पश्चात्ताप करताना आपण पुन्हा तसे न करण्याचा निश्चय करतो. पुष्कळांना वाटते, निश्चय म्हणजे पुढे काय होणार याची हमी. “परत ओढली तर मी खोटा ठरेन, त्यापेक्षा शब्दच नको,” असे आजोबा म्हणाले ते यातूनच. पण निश्चय म्हणजे भाकीत नव्हे. पाऊस पडेल असे सांगणाऱ्याचे भाकीत, पाऊस न पडल्यास खोटे ठरते. शेतकरी पेरतो तेव्हा तो भाकीत करीत नसतो. पाऊस दगा देऊ शकतो हे त्याला चांगले ठाऊक असते. म्हणून पेरणी खोटी होत नाही, दुबार पेरणी करावी लागते एवढेच. अकरा दिवस आजोबांनी बिडी ओढली नव्हती, ते अकरा दिवस खरे होते. बाराव्या दिवसाने ते पुसले जात नाहीत. ॲरिस्टॉटलही इथे मदतीला येतो. ज्याला आपल्या वागण्याचे काहीच वाटत नाही त्याला सुधारणे अवघड, पण जो घसरतो आणि खंत करतो तो बरा होण्यासारखा असतो, असे तो सांगतो. शेवटच्या बाकावरची ती तीन वर्षे हा त्या खंतीचाच पुरावा होता.

धाक दाखवून तंबाखू सुटत असती तर ती केव्हाच सुटली असती. १६४२ साली पोप आठवे अर्बन यांनी सेव्हिलच्या चर्चमध्ये तंबाखू घेणाऱ्यांना थेट बहिष्काराची धमकी दिली होती. तंबाखू काही हटली नाही. पुढे पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी अशी बंदी उठवली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी वेगळीच वाट धरली. ओढणाऱ्यांना दम देण्याऐवजी, लोकांच्या आरोग्याला बाधणाऱ्या वस्तूच्या विक्रीतून व्हॅटिकनला पैसा नको म्हणून २०१८ पासून तिथली सिगारेटची विक्रीच त्यांनी थांबवली. आधी आपला हात बाजूला काढला.

आपल्या पुण्यातही हा धडा गिरवला गेला आहे. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांविषयी लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली, आणि १९८६ साली येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. सुनंदा अवचट यांनी ते आईच्या मायेने उभे केले. तिथला पाया हाच होता की आलेला माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, आणि त्याच्याशी माणूस म्हणून बोलायचे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या चळवळीकडून आलेले एक तत्त्वही अशा ठिकाणी पाळले जाते. जन्मभराचे बोलायचे नाही, फक्त आजच्या दिवसाचे बोलायचे. गंमत पाहा, १९३५ साली ही चळवळ सुरू करणाऱ्यांपैकी एक, बिल विल्सन, यांनी दारू सोडली, असंख्यांना सोडायला शिकवली, पण सिगारेटशी ते आयुष्यभर झगडत राहिले. १९७१ साली ते फुप्फुसाच्या विकारानेच वारले. एका खोलीत जिंकलेला माणूस शेजारच्या खोलीत हरलेला असू शकतो. म्हणून कोणी कोणाला हिणवू नये.

आता आजोबांचे पुढे काय झाले ते सांगतो. मी आधी त्यांची क्षमा मागितली. मग नवसातून त्यांना मोकळे केले. त्याच्या बदल्यात एक लहानशी गोष्ट ठरली. सकाळी उठल्यावर म्हणायचे, “आज नाही.” उद्याचे उद्या. तलफ आली की घड्याळ बघायचे, कारण तलफेची लाट काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्यायचे, एक “नमो मरिये” म्हणायची, जिना उतरून परत यायचे. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातील, चिडचिड होईल, झोप उडेल, पण काही आठवड्यांत ते निवळेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले. त्यांच्या सल्ल्याने निकोटीनचा गमही आणला. आजींनी कपाटातली काडेपेटी शेगडीजवळ हलवली आणि दात पडले तरी चालतील इतकी बडीशेप घरात भरली. आजोबा म्हणतात, पहिल्या आठवड्यात त्यांनी मला मनातल्या मनात फार शिव्या दिल्या.

चार महिने सुरळीत गेले. मग गावी त्यांचे धाकटे भाऊ वारले. मातीहून परतताना भावकीतल्या कोणीतरी सवयीने बिडी पुढे केली, आजोबांनी सवयीने घेतली. एक नव्हे, तीन ओढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेला ते दारात हजर. “फादर, काल पडलो. आज नाही.” एवढेच बोलले आणि आत गेले.

मला विचाराल तर त्यांचे सुटणे त्या चार महिन्यांत जेवढे होते त्याहून अधिक या सकाळी होते. हरेगावनंतर ते पडले तेव्हा तीन वर्षे बसून राहिले. या वेळी एका रात्रीत उठले. तांबे मऊ झाले होते.

तेव्हा आता सोडून काय उपयोग? काही महिने, काही वर्षे आयुष्य वाढेल, हा उपयोग आहेच. एका खोलीत झोपणाऱ्या नातवाच्या छातीत धूर जाणार नाही, हाही आहे. पण एवढेच नाही. ज्या माणसाने अठ्ठावन्न वर्षे तलफेच्या वेळापत्रकावर दिवस काढला, त्याला बहात्तराव्या वर्षी एक सकाळ तरी स्वतःची म्हणून मिळते. ती सकाळ चौदाव्या वर्षीच्या पोराला मिळायला हवी होती. उशिरा मिळाली म्हणून ती खोटी नाही.

सोडू पाहणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: एकट्याने झुंजू नका. डॉक्टरांना सांगा, घरी सांगा. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत मदतवाहिनी आहे, तो क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो. आणि घरच्यांना हात जोडून विनंती: तुमचा माणूस पाचव्यांदा “सोडतो” म्हणाला तर “बघू किती दिवस” असे म्हणू नका. ते वाक्य बिडीपेक्षा जास्त काळ छातीत राहते. मी बोलून चुकलो आहे, म्हणून सांगतो.

आजोबा अजूनही शेवटच्याच बाकावर बसतात. जागा सवयीची आहे, ती सोडायचा त्यांचा विचार दिसत नाही. रांग पुढे सरकू लागली की मात्र उठतात.

आपला नम्र,
तुमचा धर्मगुरू